मांडवातली बास गिटार

माघातला शेवटचा रविवार, सकाळी दहा. ठिकाण: दापोडे, आमच्या गोदामामागचं पत्र्याचं शेड. हजर: चांगुणाआजी, दिघाशीची धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणारी; सलीमभाई, निजामपुऱ्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे; वनिता, आमच्याकडे पॅकिंगला असलेली; मी, रिटर्न विभागाची इनचार्ज; आणि ती. गैरहजर कोणी नाही. चहा पाच, त्यातला एक बिनसाखरेचा.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. विषयाच्या जागी काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नवा बँड."

"या वयात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. चिडवायलाच म्हटलं, पण थोडं मनातलंही होतं.

"कोण लोक, ताई? नावं सांगा."

हे तिचं नेहमीचं. ती वाद घालायची नाही. समोरच्याने लोकांचा हवाला दिला की फक्त नाव मागायची आणि ते मिळेपर्यंत समोर उभी राहायची. हात बांधून नाही. डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर, कसल्यातरी तारा दाबल्यासारखी हलत असायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. असलं माणूस पहिल्या भेटीत उद्धट वाटतं, मग कधीतरी लक्षात येतं की आपण आयुष्यभर ज्या लोकांना घाबरलो त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "चहाच्या सुट्टीत ती गिटार नका वाजवू. लोकांना त्रास होतो."

"कोणाला होतो सर? नाव सांगा. मी जाऊन माफी मागते."

साहेब नाव शोधायला खाली उतरले. हमालांना विचारलं, पॅकिंगच्या पोरींना विचारलं, वॉचमनला विचारलं. हमालांचा मुकादम म्हणाला, "बजाने दो ना साहब, उतनी देर कमर याद नहीं आती." साहेब तसेच जिना चढून वर गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

नोकरीचा अर्ज घेऊन ती आली तो दिवसही माझ्या लक्षात आहे. वय अडतीस, जन्मगाव दिघाशी. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं: अकरा वर्षं, बास गिटार, रॉक बँड. मी पेन खाली ठेवलं.

"इथे ऑनलाइन गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तपासायचा असतो. त्याचा आणि याचा संबंध काय?"

"अकरा वर्षं तीन पुरुषांना वेळेवर उठवून, सामानासकट गाडीत बसवलंय. एक वायर कधी मागे राहिली नाही."

मी तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं.

रॉक बँड म्हणजे काय हे आमच्याकडे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आमच्या भागात बँड म्हणजे लाल कोट, पितळी वाद्यं आणि वरात. ती मुंबईत होती तेव्हा गावात तिच्या वडिलांना लोक विचारायचे, पोरगी बँडमध्ये आहे ना, मग सोळा तारीख मोकळी आहे का बघ. वडील बिचारे "विचारून सांगतो" म्हणायचे.

कामात मात्र ती पक्की निघाली. परत आलेले खोके उघडण्याआधी ती बोटाने ठोकायची आणि कान लावायची. "हा रिकामा." "यात मिक्सर नाही, वीट आहे." मी पहिल्यांदा हसले. खोका उघडला तर खरंच जुन्या कपड्यात गुंडाळलेली अर्धी वीट. तेव्हापासून आमच्या टेबलावर कटरच्या आधी तिचं बोट चालायचं. मी वहीत तिचे अंदाज आणि उघडल्यावर निघालेला माल अशा दोन रांगा मांडून बघितल्या. चुका इतक्या कमी होत्या की महिन्याभराने मीच रांगा मांडणं सोडून दिलं.

तिचा जुना बँड चार जणांचा. ती आणि तीन पुरुष. चाली तिच्या, मुलाखती गायकाच्या. फोटोत गायक पूर्ण असायचा आणि तिचं अर्धं कोपर. तिने मला मोबाइलवर एक गाणं दाखवलं. मी खरं ते सांगितलं: शब्द कळले नाहीत, आणि तो मुलगा इतका कशासाठी कळवळतोय तेही कळलं नाही. ती इतकी हसली की खोक्यावर बसली.

"आम्हालाही कळलं नाही, ताई. अकरा वर्षं विचारत होतो."

पुढे गायक जाहिरातींच्या संगीतात गेला, ड्रमवाला परदेशी गेला, तिसरा वडिलांच्या दुकानात बसला. बँड संपला असं मी म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची. "बँड नाही संपला. ते तिघं गेले."

नव्या बँडचं खूळ तिच्या डोक्यात आलं ते तिच्या भाचीच्या लग्नात. त्या माघाच्या आधीच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या इकडच्या लग्नात धवलारीण असते. भटजी मंत्र म्हणतात आणि ती धवले गाते. देवांना आणि नात्यागोत्याला नावानिशी मांडवात बोलावते, नवरानवरीला बसवते, उठवते. एके काळी तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नसे. आता दारात डीजेची गाडी उभी असते आणि धवलारणीला फोटोपुरती पाच मिनिटं मिळतात.

सोमवारी टेबलावर खोकी ठोकता ठोकता ती मला सांगत होती. "चांगुणाआजीचं तोंड हलत होतं ताई, आवाजच नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. मी शेजारी जाऊन कान लावला तेव्हा कळलं ती काय गातेय. एवढ्यात एक माणूस आला, म्हणाला, आजी, आटपा आता."

"मग?"

"मग काय. मी त्याला म्हटलं, तुझं नाव काय? सांगितलं नाही त्याने." तिने पुढचा खोका ओढला. "मी अकरा वर्षं ज्याच्यामागे वाजवलं त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि माइक चार होते. हिच्याकडे सगळं आहे आणि माइक नाही."

तर माघातल्या त्या रविवारी आम्ही शेडमध्ये जमलो होतो. सलीमभाईंनी निजामपुऱ्यातून आपला स्पीकर रिक्षात घालून आणला होता. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढून त्यांचा उजवा कान गेलेला, पण आवाजाचं काम त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवायचे आणि सांगायचे, "इधर से सुनता हूँ मैं." तिने गिटार जोडली. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येते.

चांगुणाआजीने बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

"कोणाचंच नाही आजी. तालीम आहे."

"मंग गावाचा कसा? लगनाबिगर धवला गात न्हाय. देवांना हाक मारली का देव येतात. येतील न् बघतील तं मांडव न्हाय, नवरी न्हाय. हसतील ना मना."

मग आजी तिच्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. "तुजाच काढ लगीन. तीन दिस गाते, बोल."

सलीमभाईंना हसू आवरेना. वनिता तोंडावर ओढणी धरून वळली.

"माझं सोडून कोणाचंही," ती म्हणाली.

"का गो? येवढी शिकल्याली, देखणी."

"मला मांडवात बसायचं नाही आजी. मला मांडवात वाजवायचंय."

आजीने हे उत्तर थोडा वेळ तोंडात घोळवलं. आवडलं की नाही ते कळलं नाही. पण उठून गेली नाही.

मग तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "ठीक आहे. स्टेज नाही, कार्यक्रम नाही. हा बँड फक्त लग्नात वाजवेल. खऱ्या लग्नात."

"बिना प्रॅक्टिस?" सलीमभाईंनी विचारलं.

"बिना प्रॅक्टिस."

"माझं आहे ना," वनिता म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले तशी ती लाल झाली. "फाल्गुनात. दिघाशीलाच आहे. मला धवला पाहिजे. माझ्या आईच्या लग्नात आजीच होती." मी वहीत लिहून घेतलं.

पुढचे रविवार आम्ही तालीम केली असं म्हणता येणार नाही. आजी एवढ्यालाच तयार झाली की तोंड मिटून नुसता हुंकार द्यायचा. शब्द नाही, देवाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. ती त्या हुंकारामागे गिटार घेऊन चालायला शिकली. आजीचा सूर काही ठरलेला नसतो. श्वास संपला की खाली बसतो, खिडकीत चिमणी आली की वर जातो. जुन्या गायकाचा ठोका चुकला की ती त्याला सुनावायची म्हणे. इथे आजीचा ठोका हाच ठोका. सलीमभाई तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. स्पीकरवर हात ठेवून ओरडायचे, "आजी दब रही है, बाजी! तुम नीचे जाओ!" आणि ती खाली जायची. मी तिला कोणाचंही इतकं निमूट ऐकताना पाहिलेलं नव्हतं.

याच दिवसांत तिला जुन्या गायकाचा फोन आला. मी समोरच होते, तिने स्पीकरवर टाकला. चौघांनी पुन्हा एकत्र यायचं, मुंबईत मोठा कार्यक्रम, मोठं स्टेज. तारीख नेमकी वनिताच्या लग्नाची.

"त्या दिवशी वनिताचं लग्न आहे," ती म्हणाली.

"कोण वनिता?"

तिने फोन बंद केला.

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, असं बोलावणं पुन्हा येत नाही, वनिताला समजावता येईल.

"ताई, तिथे मी नसले तर ते दुसरा बासवाला आणतील. इथे कोण आहे दुसरं?" तिने फोन खिशात टाकला. "आणि हे एक लग्न चुकलं ना, तर तालुक्यात पुन्हा कोणी मांडवात उभं करणार नाही. मला तर नाहीच. आजीलासुद्धा म्हणतील, बघितलं? बंद करा आता हे."

तिच्या आवाजात भीती ऐकली ती तेवढी एकदाच.

तयारी माझ्याकडे होती. वायरी, जास्तीची वायर, पाण्याची बाटली, आजीसाठी पाठ टेकायची खुर्ची, सलीमभाईंसाठी सावली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावांची यादी. धवल्यात दोन्ही घरांतल्या माणसांना नाव घेऊन बोलवायचं असतं. गावातली माणसं आजीला पाठ आहेत, पण नवरा पलीकडच्या गावचा. आजीला वाचता येत नाही. मी खुर्चीमागे उभी राहून एकेक नाव तिच्या कानात सांगायचं असं ठरलं.

वनिताच्या काकांनी दोन्हीकडची नावं वहीच्या चार पानांवर लिहून पाठवली होती. खाडाखोड, बाण, काही नावांआधी "कै." मी बसून स्वच्छ प्रत काढली. नात्याप्रमाणे क्रम लावला, अक्षरं मोठी केली, दुबार नावं काढली. आमच्या विभागाचा पहिला नियम आहे, जे नाही ते यादीत ठेवायचं नाही. तेव्हा "कै." लिहिलेली सगळी नावंही मी काढली. लग्नाला येणार नाहीत त्यांचा काय उपयोग, असा माझा हिशोब. मग यादी लॅमिनेट करून आणली. हळदीकुंकवाचे हात लागतात, डाग पडायला नको म्हणून.

आता तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. तालमीत आजीने एकही नाव उच्चारलेलं नव्हतं, त्यामुळे यादी तपासली जाण्याचा प्रश्नच आला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला आम्ही दिघाशीला पोचलो. अंगणभर मांडव, आणि मांडवाला लागून डीजेची गाडी, घराच्या उंचीचे स्पीकर लावलेली. डीजेवाला आमच्या एका स्पीकरकडे बघून सलीमभाईंना म्हणाला, "चाचा, ये घर का है क्या?" सलीमभाईंनी गेलेला कान त्याच्याकडे केला.

नवऱ्याचे काका तिकडच्या मंडळींचे पुढारी. मोठा फेटा, हातात दोन मोबाइल. त्यांनी आधीच बजावलं, "पाच मिनटं. वरातीची पोरं खोळंबलीत."

वनिता मुंडावळ्या बांधून पाटावर बसली. आजी खुर्चीवर, समोर माइक. ती आजीच्या डाव्या हाताला, साधी हिरवी साडी आणि गळ्यात गिटार. बायका कुजबुजत होत्या. आजीने डोळे मिटले आणि देवांपासून सुरुवात केली.

मी आयुष्यात पुष्कळ लग्नांत जेवले आहे. धवल्याचे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. म्हातारा, थोडा फाटका आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, आणि त्याच्याखाली जमिनीतून वर आल्यासारखी ती बास. पत्रावळ्यांवर ठेवलेले पाण्याचे पेले थरथरत होते. चुलीपाशी भात परतणारे आचारी उलथनी हातात घेऊनच बाहेर आले. मग माणसांची नावं सुरू झाली. मी कानात सांगत होते, आजी गात होती. ज्याचं नाव येई तो खुर्चीत सरळ होई. एक पैलवानी मामा तर उभेच राहिले.

दोन्हीकडची शेवटची नावं झाली. आजीने मागे न बघता माझ्याकडे हात केला. "आता गेल्याली सांग."

मी लॅमिनेट केलेला कागद उलटा केला. सुलटा केला.

"ती नाहीत, आजी."

"न्हायत कशी? सगल्यांची असतात."

"यादीत होती. मी काढली."

हे सगळं माइकवर गेलं. अख्ख्या मांडवाने ऐकलं.

आजी गायची थांबली. "त्यांना बोलावल्याबिगर फुडं व्हत न्हाय," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली. बास मात्र थांबली नाही. एकच खालचा स्वर, श्वास घेतल्यासारखा, पुन्हा पुन्हा.

"झालं ना?" नवऱ्याचे काका उठले. "लाव रे डीजे."

डीजेवाल्याचा हात बटनाकडे गेला. सलीमभाई त्याच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. "एक मिनट, भाई." तो बाजूला हो म्हणाला. सलीमभाईंना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

ती माइकपाशी आली. हात तारांवर चालूच. "डीजे लागणार नाही. धवला चालू आहे."

"कोण म्हणतं?" काका गरजले.

मला वाटलं, आता संपलं. भटजी घड्याळ बघत होते.

"मी म्हणते. नाव घ्या माझं." आणि तिने माइकवर स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. मागच्या रांगेत तिचे वडील बसले होते. त्यांनी मान खाली घातली नाही. "आता तुम्ही सगळे सांगा. दोन्ही घरचे. जी माणसं आज इथे नाहीत त्यांची नावं सांगा. मी थांबते. कितीही वेळ थांबते."

तो खालचा स्वर वाजतच होता. मी किती वेळा वाजला ते मोजत होते, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

मग पाटावरून आवाज आला. "काशिनाथ. माझा बाबा."

वनिताने मान वर केली नव्हती. मुंडावळ्या हलत होत्या. तिच्या काकांनी पाठवलेल्या चार पानांवर ते नाव सगळ्यात वर होतं. माझं पेन सगळ्यात आधी त्याच्यावरून फिरलं होतं.

आजीने डोळे मिटले, सूर उचलला आणि काशिनाथला मांडवात बोलावलं. या, तुमची लेक पाटावर बसलीय. वनिताची आई उभी राहून रडायला लागली, कोणी तिला बसवलं नाही. मग एका कोपऱ्यातून "गणपत" आलं. दुसरीकडून "बारकू." एकाने आपल्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं आणि सांगून झाल्यावर बाहेर निघून गेला. आजी घेत गेली, ती खाली स्वर धरत गेली. आता नावं दोन्ही बाजूंनी येत होती आणि मला काही सांगायची गरज नव्हती.

नवऱ्याचे काका अजून उभेच होते. त्यांनी फेटा जरासा मागे सारला. "आमची आई," ते म्हणाले.

"आईचं नाव?" तिने विचारलं.

काकांनी बहिणीकडे बघितलं. बहिणीने मान हलवली. "सगळे मोठी आईच म्हणायचे," काका म्हणाले. एवढा मोठा माणूस, आवाज एकदम लहान झाला.

बायकांच्या घोळक्यातून एक वाकलेली म्हातारी काठी टेकत पुढे आली. "सोनी. सोनी व्हता तिचा नाव. माज्या बरूबर लाकडाला येवाची."

"सोनी," काका स्वतःशीच म्हणाले. आणि खाली बसले. डीजेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मुहूर्त टळला का, असं नंतर कोणीतरी भटजींना विचारलं. त्यांनी घड्याळ बाहीत सारलं. "मुहूर्त मीच काढला होता. मीच सांगतो, टळला नाही."

जेवणं झाल्यावर मी तिच्याजवळ गेले. वायर गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्यामधून, नेहमीसारखी. मी म्हटलं, चूक माझी होती.

"हो," ती म्हणाली. मला आवडलं ते. उगाच नाही म्हणाली नाही. "पुढच्या यादीत दोन रकाने पाडा, ताई. गेलेले पुरुष आणि गेलेल्या बायका. बायकांच्या रकान्यात अमक्याची आई चालणार नाही. नाव पाहिजे."

मी तिथेच खरकट्या पत्रावळीच्या बाजूला बसून वहीत रकाने आखले.

त्यानंतर वैशाखात तीन लग्नं आली. तिसऱ्या लग्नात तोच डीजेवाला भेटला आणि सलीमभाईंना वायरींबद्दल काहीतरी विचारत बसला. पुढे एकदा जुना गायक खास दापोड्याला आला. कोणीतरी लग्नात काढलेला आमचा व्हिडिओ बघितला होता त्याने. मुंबईत एवढ्या लोकांसमोर हे करू, तू, आजी, मी गातो थोडं, असं सगळं बोलून झालं. चांगुणाआजीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लगीन कोनाचा हाय?" त्याने तिच्याकडे मदतीसाठी बघितलं. ती वायर गुंडाळत होती.

तिच्या रजा वाढत गेल्या. मी जमेल तितक्या सांभाळल्या. मग एका सोमवारी तिने राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. मॅनेजरसाहेब समजवायला आले. "पर्मनंट नोकरी अशी सोडतात का? लोक..." एवढं म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि थांबले. "जाऊ दे. मला नाव सांगता येणार नाही."

आता ती विक्रमगड, जव्हारच्या बाजूला पाड्यापाड्यांवर फिरते. चांगुणाआजीचे गुडघे चालत नाहीत, म्हणून इतर धवलारणी शोधायला तिने हिला धाडलंय. तिकडे रेंज नसते. आठवड्यातून एकदा फोन लागतो, तोही सलीमभाईंना. तिच्या टेबलावर नवी मुलगी आलीय. चांगली आहे, प्रत्येक खोका कटरने उघडते. अर्धी वीट निघाली की "अय्या" म्हणते. हमाल चहाच्या सुट्टीत जरा लवकर उठतात. दुसरं काही बदललेलं नाही, असं मी वर कळवलंय.

येत्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न आहे. ती येणार आहे, आजीला गाडीतून आणणार आहे. हॉल घेऊ या असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं, मी दारात मांडव घालायला लावला. तिची अट मला माहीत आहे, रकाने मीच आखलेत. डावीकडचा एका दुपारात भरला. आमच्या ह्यांच्या पणजोबांपर्यंत सगळे पुरुष नावानिशी मिळाले. उजवीकडे आजेसासूबाई जनाबाई, तिथपर्यंत ठीक. त्यांच्या सासूचं नाव कोणाला माहीत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला लागतंय? म्हातारीच म्हणायचे सगळे." तलाठ्याकडे जाऊन जुने उतारे काढले. त्यात "मयत गोविंदची विधवा" एवढंच. ज्या बाईने आमचं निम्मं घर वाढवलं तिला मांडवात काय म्हणून बोलावायचं, असं मी जेवताना विचारलं. मुलगा म्हणाला, "आई, एक नाव नसलं तर चालेल." मी नाही म्हटलं.

खारबावला ह्यांच्या नात्यातल्या एक आत्या आहेत. नव्वदीच्या. लहानपणी त्यांनी त्या म्हातारीला पाहिलंय असं कळलंय. सकाळीच गेलं पाहिजे, दुपारनंतर त्या माणसं ओळखत नाहीत. मागच्या रविवारी जाणार होते, तर पत्रिका छापून आल्या. त्याच्या आधीच्या रविवारी मांडववाला आला.

मांडव, आचारी, भांडी, पत्रिका, आहेर, वहीत सगळ्यांसमोर खूण झाली आहे. उजव्या रकान्यातली जनाबाईंच्या खालची ओळ कोरी आहे. खारबावला जायचं राहिलंय.